सायकल-सल्ला : १२६ मिमीच्या फ्रेममध्ये १३० मिमीचं चाक

प्रश्न : १९८० च्या दशकातली स्टीलची रोड सायकल आहे. मागे सहा गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी चढणारा स्प्रॉकेटचा (दातेरी चक्रांचा) जुना संच. आठ गिअरच्या कॅसेटचं (हबवर सरकवून बसवायच्या स्प्रॉकेट-संचाचं) चाक आणलं, तर ते ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचांत एक्सल बसतो तिथे, शिरतच नाही. फ्रेम ताणावी का?

उत्तर : आधी जुनं चाक काढा आणि एक्सलवरच्या एका लॉकनटच्या (ड्रॉपआउटला आतून टेकणाऱ्या नटच्या) बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत वर्निअरनं मोजा. पाच गिअरच्या काळात हे माप १२० मिमी असे, सहा-सात गिअरला १२६, आठपासून पुढे १३०. तुमचं १२६ भरलं, तर कमी पडतात ४ मिमी, म्हणजे दर बाजूला दोनच. हातानं ड्रॉपआउट फाकवून चाक सरकवता येतं, पण रस्त्यात पंक्चर झालं की ही कसरत नकोशी होते. फ्रेम कायमची रुंद करून घेतलेली बरी. हे फक्त स्टीलला चालतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग अजिबात करू नका, तडा जाईल.

एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेडट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा देऊन दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीटट्यूब (सीटखालची नळी) आणि दोरा यांतलं अंतर दोन्हीकडे मोजून लिहून ठेवा. मग एकेक बाजू वेगळी ओढा. आटे असलेला रॉड आणि नट लावून दोन्ही बाजू एकदम फाकवल्या, तर जी नरम ती जास्त सरकते. उजव्या चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) चेनरिंगसाठी, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्रासाठी, बहुधा खळगा दिलेला असतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्या वाकतील असं धरून चालू नका. स्टील स्प्रिंगसारखं मागे येतं, त्यामुळे २ मिमी हवे असतील तर त्याच्या बरंच पुढे न्यावं लागतं. थोडं ओढा, सोडा, मोजा. घाई केली की फ्रेम एका अंगाला जाते.

दोऱ्याची अंतरं जुळली की ड्रॉपआउट समांतर आणि डिरेलरचा (चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर लटकतो तो फ्रेमचा कान, सरळ करून घ्या. हे टाळू नका. हँगर आत झुकलेला राहिला, तर सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. चाक बसल्यावर चेन सगळ्यात लहान स्प्रॉकेटवर घेऊन ती सीटस्टेला (सीटकडून मागच्या एक्सलकडे उतरणाऱ्या नळीला) घासते का बघा. घासली तर उजवीकडे १ मिमीचा वॉशर घाला आणि रिम पुन्हा मध्यावर आणा.

फ्रेम वाकवायची नसेल, तर सात गिअरचा १२६ मिमीचा फ्रीहब (कॅसेट बसवायचा हब) शोधा. त्यावर नऊ गिअरच्या कॅसेटमधले आठ स्प्रॉकेट बसतात, चेन मात्र नऊची लागते. डाउनट्यूबवरचे जुने फ्रिक्शन शिफ्टर (ठरावीक टप्पे नसलेले गिअरचे दांडे) दोन्ही पर्यायांना चालतील. फ्रीव्हील सोडून कॅसेटकडे वळताय हे उत्तमच. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग खूप आत असतं, एक्सलचं टोक आधाराविना राहतं आणि तिथेच वाकतं किंवा तुटतं.

प्रश्न : अकरा गिअरच्या शिमानो फ्रीहबवर दहाची कॅसेट चढवली. लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी आट्यांची कडी) पूर्ण आवळली तरी कॅसेट हलते.

उत्तर : अकराची बॉडी, म्हणजे फ्रीहबचा कॅसेट चढते तो भाग, १.८५ मिमीनं लांब असते. कॅसेटच्या मागे तेवढ्याच जाडीचा स्पेसर घाला. शिमानोच्या बहुतेक दहा-गिअर रोड कॅसेटना त्याशिवाय सोबत मिळणारा १ मिमीचा स्पेसरही लागतो. लॉकरिंग लावण्यापूर्वी शेवटच्या (सगळ्यात लहान) स्प्रॉकेटवर आडवं बोट फिरवा : स्प्रॉकेट बॉडीच्या टोकाबाहेर किंचित आलेला लागला पाहिजे. बॉडीच बाहेर लागली, तर लॉकरिंग तिच्यावर टेकते आणि कॅसेट मोकळी राहते. आट्यांना ग्रीस लावा, ४० न्यूटन-मीटरला आवळा.