पोहे, शेव आणि बीपीचा आकडा

या वेळच्या पत्रांत सगळ्यात जास्त विचारणा बीपीची आहे. त्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न : घरच्या मशीनवर माझं बीपी १३०/८० च्या आसपास येतं, दवाखान्यात मात्र १५५/९५. मशीन बदलू का? (गृहिणी, वय ५८, राजेंद्रनगर, इंदूर)

मशीन बदलण्याआधी आपण दवाखान्यात कशा पोचता ते आठवा. राजवाड्याच्या गर्दीतून वाट काढत, जिना चढून, 'माझा नंबर गेला तर नाही ना' या काळजीत. टेकता टेकताच पट्टा बांधला जातो आणि बांधणारा विचारतो, "काय काकू, मुलगा पुण्यालाच का?" तुम्ही उत्तर देता. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा दहाएक अंशांनी चढू शकतो. पायावर पाय टाकला, हात लोंबता राहिला, लघवी धरून ठेवली, तरी भर पडते. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आकडा फुगूनच येतो.

त्यात डॉक्टरांसमोर चढणारं बीपी असतंच. त्याचा उलटा प्रकारही आहे : दवाखान्यात उत्तम, घरी किंवा दुकानात चढलेलं. मला त्याची भीती जास्त वाटते, कारण ते कुणाच्या नजरेतच येत नाही.

आपण असं करा. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, तोही उघड्या दंडावर. सकाळी गोळी चालू असेल तर ती घेण्याआधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या खाली असलं तर बरं. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची असते. मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून घ्या. घरचे आकडे खरे निघाले तरी अधूनमधून तपासत राहा, कारण अशा काहींचं बीपी पुढे खरोखरच वाढतं.

प्रश्न : डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं. सहा महिने घरात फक्त सैंधव वापरतो, तरी फरक नाही. (निवृत्त शिक्षक, सुदामानगर)

सर, सैंधव हेही मीठच. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रंग गुलाबी असला म्हणून शरीर त्याला वेगळं वागवत नाही. काळ्या मिठाचंही तेच.

आणि आपल्या गावात मीठ भाजीतून कमी, बाहेरून जास्त येतं. सकाळचे पोहे घ्या. पोह्यांत मीठ, वर मूठभर शेव, त्यावर जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), आणि जीरावनात पुन्हा काळं मीठ. दुपारी वरणभातावर शेव, चहासोबत शेव, भाजी नसली तर शेवेचीच भाजी. शिवाय लोणचं आणि पापड. पापडखारातही सोडियम असतं, खाण्याच्या सोड्यातही, पोट जड झालं की पितो त्या फसफसणाऱ्या पुडीतही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात हे सगळं धरलेलं आहे. शेवेच्या पाकिटावरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणा, मीठ किती ते कळेल.

शेव सोडा असं इंदूरच्या माणसाला सांगण्याची माझी छाती नाही. रोजची रविवारवर आणा. पोह्यांवर लिंबू पिळा, कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे वाढवा. 'कमी सोडियमचं' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात साठून हृदयाला धोका होतो.

प्रश्न : सासरे ७६ वर्षांचे. उन्हाळ्यात जेवून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. 'लो बीपी' म्हणून आम्ही मीठ-साखरेचं पाणी देतो. बरोबर ना? (सून, तिलकनगर)

बीपी उतरत असेल हा अंदाज ठीक आहे, पण तेवढ्यावर उपचार नको. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं, उठल्यावर पायांकडे उतरतं, आणि म्हातारपणी शरीर ते पटकन सावरत नाही. वर मे महिन्यातला घाम. त्यात बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी किंवा प्रोस्टेटची गोळी असेल तर उतार आणखी वाढतो. आधी आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोवर थोडं थोडं जेवण, पाणी भरपूर (हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर), आणि उठताना आधी पाटावर, पलंगावर दोन मिनिटं बसणं. खारं पाणी रोज नको. शुद्ध हरपली, बोबडी वळली, छातीत दुखलं, तर घरी थांबू नका.

प्रश्न : गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी घेते. बीपी त्यानेच वाढलं का?

शक्य आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि रोज चघळलेलं ज्येष्ठमधही बीपी वाढवतं.

प्रश्न : सर्पगंधा आयुर्वेदिक आहे, म्हणजे निर्धोक ना?

सर्पगंधा बीपी खरोखरच उतरवते. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्याबद्दल लिहिलं, पुढे तिच्यातून रेसरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. ज्याचा गुण एवढा, त्याचा अवगुणही असणारच. नाक चोंदतं, सुस्ती येते, काहींना खोल उदासी येते. चालू गोळीवर लपवून घेतली तर बीपी धपकन उतरू शकतं. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते रागावले तरी सांगा.