सभासद यादीतलं ‘कुर्हाडे’: फाँट बदलत बसण्याआधी

खानापूरकडच्या पतसंस्थेचा मराठी-कन्नड अहवाल, सभासद यादी एक्सएमएलमध्ये (खुणा घालून माहिती लिहायची पद्धत), छपाई कॉन्टेक्स्ट या टाइपसेटिंग प्रोग्राममधून, चार फाँट बदलून झाले तरी ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’च येतंय, ही तुमची अडचण. तुमची पोस्ट वाचली आणि मला माझा एक सप्टेंबर आठवला. आधीच सांगतो, मी प्रोग्रामर नाही, बेळगावात शहापूरला डीटीपी करतो. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

देवनागरीला ‘देवनागरी-टू’ आणि कन्नडला ‘कन्नड-टू’ हे फीचर (त्या त्या लिपीची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावलंय असं धरून चालतो. ते नसतं तर ‘किरण’ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली असती आणि तुम्ही ऱ्ह सोडून तेच विचारलं असतं. म्हणजे फाँटची काही चूक नाही. माझा अंदाज, तुमची फाईल कुणीतरी ‘साफ’ केलीय.

माझी मीच केली होती. एका संस्थेच्या अहवालाची एक्सएमएल फाईल एका कार्यालयात द्यायची होती (नाव घेत नाही, अजून तिथं कामं असतात). त्यांच्या प्रोग्रामने ती ‘अवैध अक्षर’ म्हणून परत पाठवली. कुठल्या ओळीत, विचारलं तर, “अदृश्य अक्षरं काढून आणा.” मराठीत अर्ज दिला तर कन्नडात आणा, कन्नडात नेला तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला वैतागून एका ओळीच्या स्क्रिप्टने २००डी (अक्षरं जोडणारं) आणि २००सी (अक्षरं सुटी ठेवणारं) ही युनिकोडमधली दोन्ही अदृश्य अक्षरं अख्ख्या फाईलमधून उडवली. तीही मूळ फाईलवरच, कॉपी न ठेवता. इथंच माती खाल्ली.

आपला ऱ्य, ऱ्ह दोन तऱ्हेने लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे २००डी हा अदृश्य जोडक. जुन्या फाँटांतून कन्व्हर्टरने आणलेल्या मजकुरात बहुधा दुसरी असते. छापून दोन्ही सारखेच दिसतात, पण जोडक काढला की दुसऱ्याचा रफार होतो. ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ झालं ते एक वेळ चालून गेलं असतं. पण खर्चाच्या पानावर वार्षिक सभेच्या जेवणाची मजुरी चक्क ‘आचार्यांना’ दिलेली! सभेत एक आजोबा उभे राहून विचारतात, “कुठले आचार्य आले होते ओ?”

कन्नडचंही तेच. तिथं ‘रॅली’, ‘रँक’ लिहिताना तोच जोडक हलन्ताच्या आधी येतो, आणि ‘राजकुमार’मधला ज् पाय मोडून सुटा ठेवायला २००सी लागतो. तेही गेलं, आणि ज च्या पायाशी क लोंबायला लागला.

हे मशीनने परत आणता येत नाही, कारण ‘कार्य’, ‘सूर्य’ यांचे रफार खरेच असतात. कुठला मूळचा आणि कुठला माझा प्रताप, हे माणसानेच वाचायचं. मी चार रात्री वाचलं.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जोडक एक्सएमएलला मुळी वर्ज्यच नाही, १९९८ च्या १.० पासून चालतो. फाईल अडत होती ती एका दुकानाच्या नावातल्या उघड्या ‘&’ मुळे. तो एक्सएमएलमध्ये तसा लिहून चालत नाही, आणि त्या संस्थेचं सॉफ्टवेअर तसाच लिहीत होतं. कार्यालयातल्या कुणी ओळीचा नंबर वाचून दाखवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तेव्हा आधी न साफ केलेली मूळ फाईल मिळवा. देवनागरी मजकुरात ‘र, हलन्त, जोडक’ असेल तिथं ‘ऱ, हलन्त’ करा, मग ‘कुऱ्हाडे’ शोधला की सगळे कुऱ्हाडे एकदम सापडतात. कन्नडला हात लावू नका. काही जण अशा वेळी सगळं नव्याने टाइप करायला सांगतील. माझ्या मते तो वेडेपणा आहे, पण यादी दोन पानांची असली तर तुमची मर्जी.

आणि एक्सएमएल कॉन्टेक्स्टलाच थेट वाचू द्या. पायथन स्क्रिप्टने मध्ये टेक (कॉन्टेक्स्ट ज्यावर उभं आहे तो प्रोग्राम) फाईल बनवायचा उद्योगही करून झालाय माझा. ‘९% व्याजाने’ मधल्या % पुढची ओळच गायब, कारण टेक त्यापुढचं सगळं शेरा समजून सोडून देतो. जाता जाता, फीचरमध्ये भाषा मराठी सांगून बघा. फाँटात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, आमचे गिऱ्हाईक तेवढ्यावर खूश होतात.

एवढं करूनही अडलं तर ‘कुऱ्हाडे’ची ती एक ओळ इथं टाका. फक्त सभासदाचं पहिलं नाव आणि खातं नंबर खोडून.