आलेख झाला, आता मिलिअँपिअर मोज

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट ‘वायरलेस सेन्सर नेटवर्कमधलं ऊर्जा वाचवणारं राउटिंग’, म्हणजे बॅटरीवरच्या बिनतारी सेन्सर्सनी (नोड्सनी) निरोप कुठल्या मार्गाने पोचवायचा ते ठरवणं. मॅटलॅब या सॉफ्टवेअरवर ‘लीच’ या राउटिंगच्या पद्धतीत (प्रोटोकॉलमध्ये) बदल करून नेटवर्कचं आयुष्य वाढल्याचं दाखवलं. सर म्हणतात, यातच एम.टेक. आणि पुढे पीएच.डी. कर. एका आयटी कंपनीची ऑफर आहे. बाबा म्हणतात, गपचूप ती धर. काय करू?

उत्तर : तू पाठवलेला आलेख बघितला. नीटनेटका आहे, पण खरं सांगू? असे आलेख मी बरेच पाहिलेत. हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी 2000 साली लीच मांडला. कल्पना झकास होती : क्लस्टर हेडचं, म्हणजे गटातल्या सगळ्यांचे निरोप गोळा करून पुढे पाठवणाऱ्या नोडचं, खर्चिक काम रात्रपाळीसारखं सगळ्या नोड्समध्ये फिरवायचं, म्हणजे एकाचीच बॅटरी संपत नाही. त्यानंतर ‘सुधारित लीच’ची रांगच लागली. इंटरव्ह्यूला तू अजून एक सांगितलास तर समोरचा मान डोलावेल आणि पुढचा प्रश्न विचारेल.

तुझ्या कोडमध्ये दर बिटामागे 50 नॅनोज्यूल धरलेत, मूळ पेपरातलेच. पण निरोप येईल म्हणून रेडिओ नुसता कान लावून बसतो, त्याचा खर्च कुठे आहे? टेलॉसबी या सेन्सर बोर्डावरच्या सीसी2420 या रेडिओ चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघड. पूर्ण ताकदीने पाठवताना 17.4 मिलिअँपिअर, ऐकताना 18.8. बोलण्यापेक्षा ऐकणं महाग! 2500 मिलिअँपिअर-तासांचे दोन एए सेल एकामागे एक जोडून रेडिओ सतत ऐकता ठेवलास, तर साडेपाच दिवसांत खेळ खलास. आयुष्य वाढतं ते मुख्यतः रेडिओ झोपवल्यामुळे, म्हणजे काम नसताना बंद ठेवल्यामुळे. मार्ग कुठला निवडला हे त्यानंतर.

नोकऱ्याही या वीज वाचवण्याच्या कामातच आहेत. शेतात लोरावॅन हे लांब पल्ल्याचं बिनतारी तंत्र वापरलं तर नोड थेट गेटवेशी (मुख्य केंद्राशी) बोलतो, मधे राउटिंगच नाही. स्मार्ट वीजमीटरच्या आरएफ मेशमध्ये, म्हणजे एकमेकांचे निरोप रेडिओवरून पुढे देणाऱ्या मीटरच्या जाळ्यात, राउटिंग आहे, पण मीटरला वीज घरचीच. बॅटरीवर वर्षानुवर्षं चालायचं असतं ते पाण्याच्या आणि गॅसच्या मीटरला. तिथे लागतो सी भाषेत कोड लिहिणारा, डेटाशीट वाचणारा, मायक्रोअँपिअरसाठी भांडणारा फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) इंजिनिअर.

म्हणून परीक्षेआधी एवढं कर. दोन ईएसपी32 (वायफाय असलेले छोटे मायक्रोकंट्रोलर) बोर्ड घे. पुरवठ्याच्या तारेत एक ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचा व्होल्टेज मोज : 100 मिलिव्होल्ट म्हणजे 100 मिलिअँपिअर. मग बोर्ड डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) टाक. चिप सुमारे 10 मायक्रोअँपिअरवर येते, पण मल्टीमीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर मालिकेत लावलास तर बोर्ड त्याच्या कितीतरी पट खाताना दिसेल. चोर सापडेल : पॉवरचा एलईडी, रेग्युलेटर, यूएसबीची चिप. नंतर एक नोड द्राक्षबागेत मांडवाखाली ठेव. 2.4 गिगाहर्ट्झला पानांतलं पाणी किती नडतं, ते छाटणीनंतर आणि पालवी भरल्यावर असं दोनदा मोज. बाग तुमच्याकडे हाताशी आहे, ही संधी पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही.

सरांचा सल्ला अर्धा पटतो. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. जरूर कर, एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळते. पण एम्बेडेड (यंत्रातल्या चिपचं प्रोग्रॅमिंग) किंवा कम्युनिकेशनची लॅब बघून कॉलेज निवड. दोन वर्षं नको असतील तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा एम्बेडेडचा पदविका अभ्यासक्रम आहे, प्रवेश त्यांच्या सी-कॅट परीक्षेतून. पीएच.डी.चा विचार आत्ता करूच नकोस. हार्डवेअरशी झटापट झाल्यावर स्वतःचा प्रश्न सापडला, तर बघू.

बाबांशी वाद घालू नकोस. ऑफर स्वीकार, बाँडचं (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचं) कलम मात्र वाचून सही कर. जॉइनिंगची तारीख येईपर्यंत हातात वेळ असतो. मोजलेले आकडे आले की मला पाठव, रिझ्युमेत आलेखाच्या जागी ते कसे मांडायचे ते ठरवू.