किडनीला जपायचं म्हणून बाबांनी फिरणं बंद केलंय!

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे बाबा 71 वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते) 1.4 आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) 54 आलं. कुणीतरी त्यांना सांगितलं की किडनी वीक असली की दगदग करायची नाही, तेव्हापासून फिरणं बंद आणि दिवसभर टीव्हीसमोर खुर्चीत. गुडघ्यांसाठी पेनकिलर मात्र मनानेच घेतात. परत चालायला लावलं तर किडनीवर लोड येईल का?

उत्तर : ताई, बाबांना परत फिरायला पाठवा आणि ती पेनकिलर आधी बंद करा, सध्या घरात नेमकं उलटं चाललंय.

त्यांची भीती अगदीच हवेतली नाहीये. जोरदार व्यायाम करताना रक्त स्नायूंकडे जास्त जातं आणि किडनीकडे तेवढ्यापुरतं कमी, पण थांबलं की परत पहिल्यासारखं होतं, आणि साध्या चालण्यात तर हा फरक काळजी करण्याइतका नसतोच. किडनी खरी खराब करतात बीपी आणि शुगर, वर्षानुवर्षं, गुपचूप, आणि चालण्याने हे दोन्ही आटोक्यात राहायला मदत होते. अमेरिकेत लाइफ नावाचा एक मोठा अभ्यास झाला, 70 ते 89 वयाची, फारशी हालचाल नसलेली माणसं घेतली, काहींना नियमित चालणं आणि व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त आरोग्याची माहिती. 2 वर्षांनी व्यायामवाल्यांची किडनी थोडी कमी घसरली होती. फरक छोटाच, पण त्या वयात सुरू करूनही दिसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. बाबा असेच खुर्चीत बसून राहिले तर मांड्या-दंड बारीक होतील, क्रिएटिनिन कदाचित 1.2 येईल आणि घरात सगळे खूश, बघा आराम केल्याने रिपोर्ट सुधारला! किडनी मात्र आहे तिथेच असेल आणि बाबांना खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतील. म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. 3 महिन्यांनी टेस्ट रिपीट करा, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन, किडनीला इजा झाली की लघवीत उतरतं) तपासा, आणि तरी शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही रक्ताची दुसरी टेस्ट करता येते, तिच्यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी असतो. टेस्टच्या आदल्या दिवशी भरपूर व्यायाम नको, आकडे तात्पुरते वाढू शकतात.

चालणं किती? आठवड्याला 150 मिनिटं हे टार्गेट, पण सुरुवात 10-10 मिनिटांनी करा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा स्पीड पुरे. आठवड्यातून 2 दिवस खुर्चीतून उठ-बस वगैरे ताकदीचे व्यायाम, त्याने गुडघ्यांनाही आधार मिळतो. छातीत दुखलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

पेनकिलरबद्दल मला खरंच काळजी वाटतेय. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी जास्त करणारी गोळी एकत्र आली की किडनी अचानक बसू शकते. आणि ह्या वयातले बरेच पुरुष प्रोस्टेटमुळे रात्री उठावं लागतं म्हणून पाणीच कमी पितात, कुणाला सांगतही नाहीत. बाबांना शांतपणे विचारा. लघवी अडखळत होत असेल तर तेही दाखवा, अडलेल्या लघवीनेसुद्धा किडनी खराब होते. पाणी दिवसा प्यायचं, संध्याकाळनंतर कमी, अर्थात डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर.

प्रश्न : वय 66, जिम करतो, क्रिएटिन पावडर घेतो. क्रिएटिनिन वाढलंय, जिम सोडू का?

उत्तर : काका, जिम सोडू नका, पावडर थांबवा. क्रिएटिनचंच पुढे क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी ठीक असूनही आकडा वाढू शकतो. काही आठवड्यांनी परत तपासा आणि डॉक्टरांना पावडरचं आठवणीने सांगा. पण खूप व्यायामानंतर स्नायू सुजून दुखले आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.