चूक पादचाऱ्याची असली, तरी वेग चालकानेच का कमी करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की शहरात ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लावून खरंच जीव वाचतात का, आणि लोक कुठूनही रस्ता ओलांडत असताना सगळा भार गाडीवाल्यांवरच का.

मी स्वतः गाडी चालवतो, त्यामुळे चालकाच्या बाजूनेच सांगतो. उभ्या असलेल्या गाडीमागून १४ मीटरवर एक मूल अचानक धावत रस्त्यावर आलं असं समजा. ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या, सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० ने जाणारी गाडी त्या एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच धडक, तीही पूर्ण वेगात. ३० ने जाणारी गाडी त्याच सेकंदात सव्वाआठ मीटर जाते आणि रस्ता कोरडा, ब्रेक चांगले असतील तर पुढच्या पाचेक मीटरांत थांबते. मूल वाचतं. दोन्हीकडे मूल तेच, त्याची चूकही तीच आणि चालकही तेवढाच दक्ष.

फरक इतका मोठा पडतो कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे (वेग गुणिले वेग) वाढते. ३० च्या तुलनेत ५० ला ती पावणेतीन पट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

आता जबाबदारीचं. ती सगळ्यांची आहे हे मला पूर्ण मान्य आहे. मोबाइलमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडणं चूकच. पण 'सगळ्यांची' याचा अर्थ 'सारखी' असा मी घेत नाही. पायी चालणाऱ्याच्या चुकीने बहुतेक वेळा त्याचा स्वतःचाच जीव जातो, गाडीवाल्याच्या चुकीने दुसऱ्याचा. ज्याच्या हातात टनभर वजन आहे त्याचा वाटा मोठाच असणार. शिवाय सहा वर्षांच्या मुलाकडून किंवा नीट ऐकू न येणाऱ्या आजोबांकडून आपण किती अचूकपणाची अपेक्षा ठेवणार?

तिसरा भागीदार आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे रस्ता बांधणारा. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि लोक नियम पाळत नसतील तर रस्त्याची रचना करणाऱ्यांनी आणखी उपाय करायचे, हे त्याचं सूत्र. मला हे मनापासून पटतं. चार पदरी, सरळसोट, मोकळा रस्ता बांधायचा आणि त्यावर ३० ची पाटी लावायची, ही लोकांची फसवणूक आहे. पाय आपोआप दाबला जातो. पदर अरुंद करणं, चौकातली वळणं आवळणं, उंचावलेलं क्रॉसिंग, कॅमेरे, हे पाटीसोबत आलं तरच वेग खरोखर उतरतो.

फिनलंडची राजधानी हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. जुलै २०२५ मध्ये त्या शहराने जाहीर केलं की वर्षभरात तिथे वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. श्रेय फक्त मर्यादेचं नाही, रस्त्यांची रचना, कॅमेरे आणि सार्वजनिक वाहतूक यांचंही आहे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही सर्वसाधारण मर्यादा झाली. विरोध प्रचंड झाला, साडेचार लाखांहून अधिक सह्यांचा विनंतीअर्ज आला. त्या लोकांचा राग मी खोटा म्हणणार नाही, काही रस्त्यांवर मर्यादा खरंच विचार न करता लागली होती आणि ती नंतर तपासली गेली.

वेळेची चिंता वाटत असेल तर: ५ किलोमीटर न थांबता ५० ने सहा मिनिटं, ३० ने दहा. फरक फार तर चार मिनिटांचा. प्रत्यक्षात सिग्नल आणि गर्दीमुळे तो आणखी कमी होतो.

तुमच्या गल्लीत पाटी लागायची वाट बघू नका. तुम्ही ३० ने चाललात की मागची रांगही ३० नेच येते. कोणी हॉर्न वाजवेल, वाजवू दे.