मागणी पॅरिसमध्ये जरूर घाला, पण कर्ज काढून नको

प्रश्न : माझे वय ३१ असून मी चाकणच्या एका कंपनीत अभियंता आहे. दरमहा ९२,००० रुपये हातात येतात. चार वर्षांपासून जिच्यासोबत आहे, तिला येत्या मे महिन्यात पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस आणि सँटोरिनी अशा बारा दिवसांच्या सहलीला नेऊन सँटोरिनीत लग्नाची मागणी घालायची आहे. अंगठी धरून खर्च ८ लाख २० हजारांवर जातो. बचत खात्यातले १ लाख ९० हजार, म्युच्युअल फंडातले २ लाख ३० हजार आणि ४ लाखांचे वैयक्तिक कर्ज (तीन वर्षे, १३ टक्के व्याज) अशी जुळवाजुळव केली आहे. तिला यातले काहीही माहीत नाही. मी योग्य करतो आहे का?

उत्तर : सहलीला जा, मागणीही तिकडेच, युरोपात घाला. मात्र मे महिना, चार शहरे आणि चार लाखांचे कर्ज या तिन्ही गोष्टी बदला, असे माझे स्पष्ट मत आहे. हा खर्च उधळपट्टी आहे असे मी म्हणणार नाही. आयुष्यात एकदाच विचारायचा प्रश्न मनाजोगत्या ठिकाणी विचारावासा वाटणे यात गैर काही नाही, आणि पैसा अशाच गोष्टींसाठी मिळवायचा असतो. मला काळजी वाटते ती परत आल्यानंतरच्या तीन वर्षांची.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला महिन्याचा हिशेब आधी पाहू. घरभाडे १८,०००, कराडला आईवडिलांना पाठवता ते १५,०००, गाडीचा हप्ता ११,४०० आणि एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, १५,००० असे ५९,४०० रुपये पगार जमा होताच बाजूला निघतात. किराणा, पेट्रोल, जेवणखाण, विमा वगैरे मिळून आणखी २२,६०० जातात आणि महिनाअखेरीस साधारण १०,००० उरतात. तुम्ही घेऊ पाहता त्या कर्जाचा हप्ता १३,४८० रुपयांच्या आसपास बसतो. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून साडेतीन हजारांची तूट पडणार, आणि ती भरून काढायला एसआयपी कमी करावी लागेल किंवा क्रेडिट कार्डाकडे वळावे लागेल. पगारवाढ होईल हे तुम्ही गृहीत धरले असेल, पण पगारवाढीबरोबर घरभाडेही वाढते. तीन वर्षांत या कर्जापायी सुमारे ८५,००० रुपये व्याज जाईल, म्हणजे तुम्ही धरलेल्या १ लाख ६० हजारांच्या अंगठीच्या जवळपास निम्म्या किमतीइतके.

व्याजाहूनही मोठी बाब वेगळीच आहे आणि ती तुमच्या कागदावर कुठेच आलेली नाही. ती ‘हो’ म्हणाली आणि दोन्ही घरांनी पुढच्या फेब्रुवारीतला मुहूर्त धरला, असे समजू या. एप्रिलमध्ये घेतलेल्या कर्जाचे तोपर्यंत नऊ हप्ते फिटलेले असतील आणि सत्तावीस उरतील, म्हणजे ३ लाख ६४ हजार रुपये तुम्हाला लग्नानंतर भरायचे असतील. तेव्हा घर दोघांच्या पगारावर चालणार असल्यामुळे तुमच्या खात्यातून गेलेले साडेतेरा हजार तिच्याही संसारातून गेलेले असतील. स्वतःला घातलेल्या मागणीचा खर्च ती दोन वर्षांहून अधिक काळ फेडत राहील, आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलेलेही नसेल.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. लग्नाला चार महिने झालेले एक जोडपे माझ्याकडे आर्थिक नियोजनासाठी आले होते. दोघांच्या बँक खात्यांची विवरणे टेबलावर पसरलेली होती आणि पत्नी त्याच्या विवरणातली एकेक नोंद बोटाने वाचत खाली येत होती. दर महिन्याच्या पाच तारखेला येणाऱ्या एका हप्त्यावर तिचे बोट थांबले. हा कशाचा, असे तिने विचारले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. ते त्यांच्या साखरपुड्याआधीच्या परदेशवारीचे कर्ज होते. भांडण झाले नाही, पण त्या सहलीचे फोटो मोबाइलवरून काढून टाकावेसे वाटतात, हे तिचे वाक्य मी विसरलेलो नाही. तुमच्या सहलीची आठवण तशी होऊ नये, एवढ्याचसाठी हे सांगतो आहे.

आता म्युच्युअल फंडाबद्दल. तिथल्या ६ लाख ८० हजारांवर तुम्ही स्वतःच ‘घराचे डाऊन पेमेंट’ असे लिहिले आहे. इक्विटी फंडाची युनिट्स एक वर्षाहून जुनी असतील, तर आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि त्यामुळे २ लाख ३० हजार काढताना कराचा बोजा बहुधा पडणार नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण महिन्याला दहा हजार शिल्लक टाकून ही रक्कम परत उभी करायला तेवीस महिने लागतात, आणि कर्जाचा हप्ता ती शिल्लकच खाऊन टाकणार असल्याने हे तेवीस महिने सुरू होतील ते तीन वर्षांनंतर. त्या पैशाला आधीच एक काम दिलेले आहे, तेव्हा त्याला हात लावू नका. चार लाखांची मुदत ठेव तुम्ही आपत्कालीन निधी म्हणून या बेतापासून दूर ठेवली आहे, हे मला मनापासून आवडले. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च ६७,००० आहे, त्यामुळे सहा महिन्यांची तरतूद तिथे आहे आणि ती तशीच राहू द्या.

तिला काहीही माहीत नाही, असे तुम्ही लिहिता. इथे व्हिसाची अडचण आहे. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि ग्रीस हे चारही देश शेंगेन क्षेत्रात येत असल्याने व्हिसा एकच लागेल, पण अर्ज तिचा तिलाच करावा लागेल. यापूर्वी बोटांचे ठसे दिलेले नसतील तर त्यासाठी तिला स्वतः व्हिसा केंद्रावर जावे लागेल, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र द्यावे लागेल आणि स्वतःच्या बँक खात्याची विवरणे जोडावी लागतील. म्हणजे सहल गुपित राहू शकत नाही, गुपित राहू शकतो तो फक्त प्रश्न. मला वाटते हे तुमच्या फायद्याचेच आहे. हंपी आणि गोव्याच्या सहलींचा खर्च तुम्ही दोघांनी निम्मा-निम्मा केला, असे तुम्हीच कळवले आहे. यावेळी विमानाचे तिकीट तिने स्वतःचे काढले तर त्यात कमीपणा मानू नका. अर्थात ही सर्वस्वी तुम्हा दोघांची बाब आहे आणि पुढच्या हिशेबात मी तिचा एकही रुपया धरलेला नाही.

माझी सूचना अशी की, सहल मेऐवजी ऑक्टोबरमध्ये, दसरा-दिवाळीच्या सुट्टीचे दिवस टाळून करा आणि दोनच शहरे ठेवा. पॅरिसला चार रात्री, व्हेनिसला तीन. मे महिन्यात आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीमुळे विमानभाडे चढलेले असते आणि युरोपातही हॉटेलांचे दर वर जाऊ लागलेले असतात. इंटरलाकेन सुंदर आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये युरो नव्हे तर स्विस फ्रँक चालतो, आणि जेवण, रेल्वे, हॉटेल यांपैकी तिथे काहीच स्वस्त नाही. सँटोरिनीसाठी वेगळा विमानप्रवास लागतो आणि तुमच्या यादीतले छायाचित्रकार व समुद्रकाठच्या जेवणाचे ४५,००० रुपये केवळ त्या एका संध्याकाळचे आहेत. बारा दिवसांत चार मुक्काम म्हणजे दर तिसऱ्या दिवशी बॅगा भरणे, आणि प्रत्येक मुक्काम हलवताना टॅक्सी, सामानाचे शुल्क, स्टेशनवरचे खाणे असा जो किरकोळ खर्च होतो तो कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. तुमच्याही नाही.

युरो शंभर रुपयांच्या आसपास धरून माझा हिशेब असा आहे. मुंबईहून पॅरिसला जाणे आणि इटलीतून परतणे अशी दोघांची तिकिटे १ लाख ३० हजार, सात रात्रींची साधी पण मध्यवर्ती हॉटेले तिथल्या पर्यटक करासह १ लाख, पॅरिस ते व्हेनिस आणि शहरांतला प्रवास ३०,०००, व्हिसा व विमा २८,०००, जेवणखाण आणि प्रवेशशुल्के ७०,०००, अंगठी ८०,००० आणि अडीअडचणीला ३०,०००. एकूण ४ लाख ६८ हजार होतात. यासाठी बचत खात्यातले १ लाख ९० हजार आहेत, एप्रिलमध्ये कर कापून अपेक्षित असलेला बोनस १ लाख ४० हजार आहे आणि जानेवारी ते सप्टेंबर या नऊ महिन्यांच्या शिल्लकीतून ९०,००० येतील. उरलेल्या ४८,००० रुपयांसाठी फेब्रुवारीपासून आठ महिने एसआयपी १५,००० वरून ९,००० वर आणा. एसआयपी पूर्ण बंद करू नका, कारण बंद केलेली एसआयपी ‘पुढच्या महिन्यात सुरू करू’ म्हणत वर्षभर राहून गेलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. हे पैसे बचत खात्यात पडू न देता दरमहा आवर्ती ठेवीत टाका, मुदत सप्टेंबरची ठेवा.

अंगठीचा आकडा मी १ लाख ६० हजारांवरून निम्म्यावर आणला, याचे तुम्हाला वाईट वाटेल. कारण सांगतो. तुम्ही तिथे घालाल ती अंगठी तुमच्या दोघांची असेल, पण साखरपुड्याला दोन्हीकडची मंडळी अंगठ्या पुन्हा करणार आहेत, आणि ‘तिला आधीच घातली आहे’ हे उत्तर तुमच्या आईला किंवा तिच्या आईला पटेल असे मला वाटत नाही. शिवाय मोठ्या हिऱ्याच्या किमतीचा फार थोडा भाग पुनर्विक्रीत परत मिळतो. छोट्या हिऱ्याची सोन्याची अंगठी घ्या, हॉलमार्कसोबतचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अॅपवर दुकानातच तपासा, आणि मजुरी, हिरा, सोने यांची किंमत बिलावर वेगवेगळी लिहून घ्या. माप नक्की माहीत नसेल तर थोडी सैल घ्या. प्रवासात ती हातातल्या बॅगेत ठेवा, बिलाची प्रत सोबत असू द्या आणि परत येताना सीमाशुल्काचा प्रश्न उद्भवू नये म्हणून जातानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. प्रवास विम्यात दागिन्यांची भरपाई बहुधा नसते किंवा नाममात्र असते, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

छायाचित्रकार आणि सजवलेले टेबल वगळल्याने प्रसंगाची शोभा कमी होईल असे वाटत असेल, तर अंधार पडल्यावर पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोरच्या ट्रोकादेरोच्या चौथऱ्यावर उभे राहा. दर तासाच्या ठोक्याला आयफेल टॉवर पाच मिनिटे लखलखतो आणि ते पाहायला तिकीट लागत नाही. व्हेनिसमध्ये मागणी घालायची ठरवलीत तर गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो आहे, तोही माणशी नव्हे तर संपूर्ण नावेचा. बसण्याआधी दर विचारून घ्या. ही एक चैन मी तुमच्या हिशेबात आनंदाने ठेवली आहे.

पैसे नेण्याबाबत थोडे. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशातल्या खर्चाला २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर लाखामागे ४,१३० रुपये. फॉरेक्स कार्डावर युरो भरून न्या आणि क्रेडिट कार्ड हॉटेलच्या अनामतीपुरते ठेवा. दुकानातले यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असे विचारेल तेव्हा नेहमी युरो निवडा, कारण रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटला तरी त्यात दर महाग लावलेला असतो. सहल कंपनीचे पॅकेज घेतलेत तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आगाऊ वसूल केलेला कर, कापला जाईल. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात.

क्रम मात्र सांभाळा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे करायचा असतो. चार रात्रींमुळे तुमच्यासाठी तो फ्रान्स. प्रत्येकी ९० युरो शुल्क व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा अर्जासोबत द्यावा लागतो. त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्या आणि परतावा न मिळणारे तिकीट काढू नका. बोनस खात्यात जमा होण्याआधी यातले काहीही करू नका. तो १ लाखाच्या खाली आला तर व्हेनिस गाळून पाच रात्रींचे एकटे पॅरिस करा, अंगठीची रक्कम तेवढीच ठेवा आणि एसआयपी आणखी कमी न करता मला नवा आकडा कळवा.