खोल समुद्रातला नवीन जीव ओळखतात कसा?

प्रश्न: खोल समुद्रात कोळंबीसारखा बारका जीव सापडला तर तो नवीन प्रजातीचा आहे हे ठरवतात कसं?

उत्तर: नुसतं बघून नाही कळत हो. २०१४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मरियाना गर्तेत, म्हणजे समुद्रतळाच्या खोल दरीत, ६ हजार मीटरच्या खाली आमिषाचे सापळे सोडून काही अ‍ॅम्फिपॉड, म्हणजे असेच कोळंबीसारखे जीव, वर आणले, ते दिसायला माहितीतल्याच युरिथेनीस ग्रायलस या प्रजातीसारखे, मग ब्रिटनमधल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत शरीराची ठेवण बारकाईने तपासली, डीएनए जुळवला, तेव्हा कुठे वेगळेपण पक्कं झालं. आणि एकाच्या आतड्यात पीईटीशी, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकशी जुळणारा धागा निघाला! म्हणून २०२० मध्ये नाव दिलं युरिथेनीस प्लॅस्टिकस. त्याला नाव मिळायच्या आधीच आपला कचरा तिथे पोचलाय, फार वाईट वाटतं. अशा प्रत्येक प्रजातीचा एक मूळ नमुना जपून ठेवतात, पुढचे संशोधक त्याच्याशीच ताडून बघतात.